घर विकणाऱ्याला जामीन हवा

माझा एक भाचा अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "मामू, नोकरी सोडून घरांचे दुकान काढावे म्हणतो." मला वाटले, जमीन-दलाली करणार. पण तसे नव्हते. तिकडे कारखान्यात तयार झालेली अख्खी घरे दुकानदार विकतात. खाली लोखंडी सांगाडा, त्याला चाके. घर ट्रकने ओढून आणतात आणि जागेवर बसवून देतात. साध्या माणसाला परवडणारे घर ते हेच.

१५ जून १९७६ पासून तिकडे या घरांना केंद्र सरकारचा एकच बांधणी-कायदा लागू आहे. घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून लाल रंगाची धातूची पट्टी ठोकलेली असते. आपल्या थानाच्या टोकाला गिरणीचा छाप असतो, तसाच हा प्रकार. पण विकणाऱ्याचा परवाना मात्र प्रत्येक राज्य आपापल्या नियमाने देते. टेक्सासमध्ये आधी प्रशिक्षणाचा वर्ग करावा लागतो आणि पन्नास हजार डॉलरचा जामीन द्यावा लागतो.

हा आकडा ऐकून मी दचकलो. भाचा हसला. एवढी रोकड भरायची नसते. एखादी कंपनी जामीन राहते आणि दुकानदार तिला दरसाल हप्ता देतो. दुकानदाराने गिऱ्हाइकाला फसवले असे सिद्ध झाले तर भरपाईची झळ त्या कंपनीला लागते, आणि मग कंपनी ती रक्कम दुकानदाराकडून वसूल करते. म्हणजे कंपनी जामीन राहण्याआधी माणसाची पत बघणारच. कॅलिफोर्नियात तर आणखी कडक आहे. गिऱ्हाइकाचे पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात जात नाहीत, तिसऱ्या माणसाच्या खात्यात अमानत म्हणून राहतात.

आपले व्यापारी बंधू म्हणतील, आणखी एक परवाना, आणखी एक खिडकी! मीही पस्तीस वर्षे कापडाच्या धंद्यात आहे, खिडक्यांचा वीट मलाही आला आहे. पण आपला गुमास्ता परवाना आठवून पाहा. त्यात नोकरांचे तास आणि सुट्टी यांचा विचार आहे, गिऱ्हाइकाच्या पैशाचा नाही. कापडात ते चालून जाते. लुगडे विटले तर बाई दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन चार माणसांत आपली अब्रू काढते. घर घेणारा आयुष्यात एकदाच येतो आणि सगळी पुंजी घेऊन येतो.

आमच्या साडूंचे असेच झाले. गल्लीतली चार मजली इमारत, मजल्यावर दोन घरे. मधला माणूस आमच्याच धंद्यातला, दुकान सांभाळून दलाली करणारा. ओळखीचा म्हणून साडूंनी तीन लाख इसार त्याच्या हातात ठेवला. पावती म्हणजे दुकानाच्या बिलबुकातले एक पान. इमारत रखडली. बिल्डर म्हणतो, मला पैसे पोचले नाहीत. दलाल म्हणतो, त्याच दिवशी दिले.

आता रेरा कायदा आहे ना, असे कोणी विचारील. आहे, आणि चांगला आहे. २०१७ च्या मे महिन्यापासून तो पुरता लागू झाला. नोंदलेल्या प्रकल्पातले घर विकून देणाऱ्या दलालाला नोंदणी करावीच लागते, नाहीतर रोज दहा हजार रुपये दंड. महाराष्ट्रात २०२३ पासून दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. बिल्डरला गिऱ्हाइकाच्या पैशातला सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, आणि लेखी करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असल्या तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. साडूंची इमारत बरोबर आठ घरांची. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी बांधकामे अशीच आहेत. जिथे गरीब कारागीर घर घेतो, नेमकी तिथेच कायद्याची चादर आखूड पडते.

आणि दलालाकडून जामीन तर मोठ्या प्रकल्पातही मागितला जात नाही. माझे म्हणणे एवढेच की परीक्षेपेक्षा जामिनाची गरज जास्त आहे. परीक्षा हुशार माणूस पास होतो, लबाडही होतो. जामिनामुळे लहान दलालावर बोजा पडेल हे मला मान्य आहे. भाचाही तीच तक्रार करतो. नवख्याला हप्ता जड जातो, मोठ्या कंपन्यांना तो जाणवतही नाही. म्हणून रक्कम सौद्यांच्या मानाने ठरवावी, आणि आठ घरांच्या आतल्या सौद्यांनाही लावावी.

तोवर आपल्या बाजारात एक गोष्ट करता येईल. दुकान सांभाळून जे बंधू घरांची दलाली करतात, त्यांनी इसार स्वतःच्या हातात घेऊच नये. घेणाऱ्याचा चेक थेट बिल्डरच्या नावे लिहून घ्यावा आणि पावती बिल्डरच्या सहीची द्यावी. मी हे आमच्या बाजारातल्या तिघांना सांगितले. दोघांनी मान डोलावली. तिसरा म्हणाला, "मग माझ्या दलालीची हमी कोण देणार?" त्याचाही प्रश्न खोटा नाही. दलाली किती आणि केव्हा द्यायची ते बिल्डरकडून आधीच लिहून घ्यावे, असे मी त्याला म्हटले आहे.