याचं मीठ कुणी खाल्लंय का?

सुट्टीला आलेला नातू आणि त्याचे चार मित्र गेला आठवडाभर राजारामपुरीतल्या आमच्या घराची पुढची खोली अडवून बसले आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ. वीस बाजूंचे फासे, कागद-पेन्सिल आणि तोंडाची अखंड टकळी. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होऊन काय करायचं ते ठरवतात. गोष्ट सांगणारा आमचा नातू. खेळ मला आवडला, खोटं कशाला बोलू? त्यानं रचलेला खलनायक मात्र अजिबात आवडला नाही.

दोन शिंगं, डोळ्यांत जाळ, काळा किल्ला आणि ३०० 'हिट पॉइंट'. म्हणजे मारून मारून हात दुखतील, पण गडी मरायचा नाही.

"आजोबा, भारी आहे ना?"

म्हटलं, "अरे, पण याचं मीठ कुणी खाल्लंय का?" पोरं माझ्याकडे बघतच राहिली.

माझं म्हणणं साधं आहे. खलनायक मनात घर करतो तो ताकदीमुळे नव्हे, आपण त्याचे देणेकरी असतो म्हणून. कोल्हापूरकरांना तरी हे सांगावं लागू नये. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली इथंच 'सावकारी पाश' काढला. मूकपट. त्यातल्या सावकाराचं हत्यार तलवार नव्हे, कागद. त्या कागदापायी शेतकऱ्याची (हे काम शांतारामबापूंनी केलं होतं) जमीन जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. अडल्यानडल्याला सावकाराच्याच दारात जावं लागतं, मग त्याला शिंगं हवीत कशाला?

आणि निळू फुले! नकलाकारांनी या माणसाला बाईला वाड्यावर बोलावणारा पाटील एवढाच करून ठेवला, याचा मला मनापासून राग आहे. जब्बार पटेलांचा 'सामना' पाहा. लेखन तेंडुलकरांचं, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. (हा अमेरिकन खेळही १९७४ चा, म्हणजे साधारण त्याच वयाचा.) साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटील. दारुडा मास्तर, म्हणजे डॉ. लागू, गावात येऊन पडतो, तर हिंदुराव त्याला हाकलत नाही. ठेवून घेतो, खाऊ घालतो, पाजतो. आणि हाच मास्तर जेव्हा मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारायला लागतो, तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो. कारण ज्याचं खातोय त्यालाच तो विचारतोय.

नातवाचा एक मित्र म्हणाला, मग खलनायकाला दुःखी बालपण देऊ या. हल्लीची ही दुसरी टूम. त्यानं फार तर कीव येते, आणि कीव करणारा नेहमी वरच्या पायरीवर असतो. देणेकरी खालच्या.

आता माझंच सांगतो. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा एका वजनदार गृहस्थांनी शब्द टाकून माझी बदली थांबवली. तीन वर्षांनी त्यांच्या नात्यातल्या मुलाचे पेपर माझ्याकडे तपासायला आले. त्यांनी घरी बोलावून चहा पाजला. "सर, जरा बघा," एवढंच म्हणाले.

मी बघितलं.

वर्गात रावण-कंस शिकवताना हे गृहस्थ मला एकदाही आठवले नाहीत. तिथंच तर गोम आहे. राक्षस बाहेरून येतो आणि लांबूनच ओळखू येतो, हे आम्हीच पोरांना शिकवलं, आणि आता त्यांचे खेळही तेच शिकवतात.

असो. काल नातवानं नवा खलनायक आणला. दुष्काळात गावाला विहीर खोदून देणारा. खेळातल्या एका पात्राच्या बहिणीचं लग्नही त्यानंच लावून दिलेलं. हिट पॉइंट फक्त ८. एका वारात काम व्हायचं! पण भडंगाचा डबा रिकामा झाला, रात्रीचे साडेअकरा वाजले, तरी फासे कुणी उचलले नव्हते. नुसते भांडत होते.