चीनचा अभ्यास आणि वऱ्हाडचा कापूस

वऱ्हाडातील कापसाचा भाव केवळ अकोला-अमरावतीच्या बाजार समित्यांत ठरत नाही. त्याचा एक धागा बीजिंगपर्यंत जातो. २०११ पासून तीन हंगाम चीन सरकारने आपल्या शेतकऱ्यांचा कापूस चढ्या हमीदराने घेऊन गोदामे भरली. साहजिकच तेथील गिरण्या स्वस्त परदेशी कापसाकडे वळल्या आणि भारताची निर्यात वाढली. २०१४ मध्ये ते धोरण पालटले. शिंच्यांगमधील उत्पादकांना थेट अनुदान मिळू लागले, आयातीला लगाम बसला आणि जागतिक भाव कोसळले. त्याची झळ वऱ्हाडालाही लागली. परंतु हे असे का घडले, याची साधार चर्चा येथील शिक्षकाला वा विद्यार्थ्याला मराठीत कोठे वाचावयास मिळेल? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आज देता येत नाही.

अशी चर्चा चालते ती चीनविषयक संशोधन-नियतकालिकांत. लंडनचे 'द चायना क्वार्टर्ली' १९६० पासून निघते. १९६२ च्या युद्धाने चीनविषयीचे आपले अज्ञान उघडे पाडले आणि १९६४ मध्ये दिल्लीत 'चायना रिपोर्ट' सुरू झाले. लेख छापण्यापूर्वी तो जाणकारांकडून तपासून घेण्याची शिस्त, हे या नियतकालिकांचे खरे भांडवल होय. या ज्ञानाचे मोल सत्ताधीशांनाही कळते. ऑगस्ट २०१७ मध्ये चिनी यंत्रणेच्या मागणीवरून केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने 'क्वार्टर्ली'चे तीनशेहून अधिक लेख चीनमधील वाचकांना बंद केले. अभ्यासकांनी निषेध करताच ते काही दिवसांत पुन्हा खुले करावे लागले. तेथे वाचकाच्या वाटेत सत्ता उभी राहिली. आपल्याकडे किंमत आणि भाषा उभ्या आहेत.

मराठी माणसाला हे क्षेत्र परके आहे, असेही नाही. पुण्याचे पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने विनयावरील एका चिनी टीकाग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला; तो १९७० मध्ये भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. गो. पु. देशपांडे यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयक अध्यापन केले. परंतु मराठी वाचक त्यांना ओळखतो तो 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चे नाटककार म्हणून. त्यांचे चीनविषयक संशोधन मुख्यतः इंग्रजी वाचकांपर्यंतच पोहोचले. दोष व्यक्तींचा नव्हे. चीनच्या अभ्यासाला वाहिलेले नियतकालिक मराठीत रुजलेच नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके, असा तिचा पसारा आहे. किमतीचा अडसर त्यामुळे बराच दूर होईल, हे मान्य केले पाहिजे. तथापि योजनेचा रोख केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांवर आहे. वऱ्हाडातील उच्च शिक्षण मात्र मोठ्या प्रमाणावर खासगी शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांत चालते. त्यांच्या वाट्याला काय येणार, हे प्राचार्यांनी व व्यवस्थापनांनी वेळीच विचारावयास हवे.

भाषेचा अडसर मात्र कोणत्याही सदस्यतेने दूर होणार नाही. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ पासून आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून कार्यरत आहे. या दोहोंनी मिळून चीनची शेती, व्यापार व राज्यकारभार यांवरील निवडक संशोधनाचा परामर्श घेणारे मराठी त्रैमासिक काढावे. मूळ लेखांचे हक्क बहुधा प्रकाशकांकडे असतात. म्हणून त्यात सरसकट अनुवादाऐवजी स्वतंत्र सार आणि परीक्षण असावे. लेख जाणकारांकडून तपासले जावेत आणि अध्यापकाच्या पदोन्नतीत अशा लेखनाची दखल घेतली जावी. एरवी ते कोणी हाती घेणार नाही.

माल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाची चाल ओळखावी, हे वऱ्हाडी शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्या मुलांना शिकविणाऱ्या संस्थांनी मात्र ती चाल ओळखण्याचे काम आणखी किती काळ दिल्ली-लंडनवर सोपवावयाचे?