तराजू एकच हवा

नांदेड आणि लातूर या दोन शेजारी जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. या मानाचा अभिमान दोन्ही जिल्ह्यांत आजही आहे. परंतु या नामावलीला दुसरी बाजूही आहे. चौघांपैकी दोघांना गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे पद सोडावे लागले, तर तिसऱ्यांच्या हस्तक्षेपापायी सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला दंड केला.

यातील पहिले प्रकरण १९८५ सालच्या मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेचे. तत्कालीन मुख्यमंत्री निलंगेकर यांच्या कन्येचे गुण वाढविल्याचा आक्षेप घेऊन एका उमेदवार डॉक्टरने उच्च न्यायालय गाठले. न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. पुढे खंडपीठाने थेट ठपका काढला, तरी परिस्थितीबद्दलचे प्रतिकूल भाष्य पुसण्यास सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. या साऱ्याची सुरुवात झाली ती एका परीक्षार्थीच्या अर्जातून!

दुसरे प्रकरण २००६ सालचे. बुलढाणा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने आमदाराच्या कुटुंबीयांविरुद्ध अवैध सावकारीची तक्रार केली, तेव्हा मुख्यमंत्री देशमुख यांच्या कार्यालयातून खामगाव पोलिसांना दूरध्वनी गेला. शेतकऱ्याने माघार घेतली नाही. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडाची रक्कम २५ हजारांवरून १० लाख रुपये केली. मात्र दंड झाला तो राज्य शासनाला, म्हणजे अखेर करदात्यालाच. देशमुखांचे केंद्रीय मंत्रिपद अबाधित राहिले.

तिसरे प्रकरण सर्वपरिचित आहे. कुलाब्यातील ३१ मजली ‘आदर्श’ इमारतीत नातेवाइकांच्या नावे सदनिका असल्याचे उघड झाल्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाणांनी मुख्यमंत्रिपद सोडले. त्यांच्यावर खटला चालविण्यास राज्यपालांनी दिलेली मंजुरी डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. त्यांच्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

सत्तेतील भ्रष्टाचार हा केवळ मराठवाड्याचा वा भारताचा रोग नव्हे. कौटिल्याने शासकीय धनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार नोंदवून ठेवले, यावरून त्याचे प्राचीनत्व कळते. देशोदेशी फरक पडतो तो नागरिकांच्या प्रतिसादात. दक्षिण कोरियात २०१६ साली लाखो नागरिक मेणबत्त्या घेऊन शनिवारमागून शनिवार शांतपणे रस्त्यावर उतरले. संसदेने महाभियोग मंजूर केला आणि मार्च २०१७ मध्ये संविधान न्यायालयाने राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांना पदच्युत केले. याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुणांचा संताप उसळला, आंदोलकांवर गोळीबार झाला आणि सरकार कोसळले. पण त्याच वणव्यात सिंहदरबार आणि सर्वोच्च न्यायालयाची इमारतही जळाली. ज्या दप्तरांतून भ्रष्टाचार सिद्ध करायचा, ती दप्तरेच राख झाली तर न्याय मागायचा कशाच्या बळावर?

भारतीय नागरिकाच्या हाती आगीपेक्षा प्रभावी साधने आहेत. २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्यान्वये १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर देणे शासकीय कार्यालयांवर बंधनकारक आहे. फेरफारासाठी वा दाखल्यासाठी कोणी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक उपलब्ध आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने द्यावी लागली असल्यास सात दिवसांत कळवावे लागते. ‘काम लवकर व्हावे म्हणून थोडे दिले’ असे म्हणणारा सुशिक्षित गृहस्थही या साखळीची एक कडीच असतो.

परंतु खरी कसोटी याहून अवघड आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने आधीच्या राजवटीवर श्वेतपत्रिका मांडली. तिच्यातील घोटाळ्यांच्या यादीत ‘आदर्श’चे नाव होते. १३ फेब्रुवारीला अशोक चव्हाण भारतीय जनता पक्षात आले आणि लगेच राज्यसभेवर गेले. ज्यांनी वर्षानुवर्षे ‘आदर्श’विरुद्ध सभा गाजविल्या, त्या कार्यकर्त्यांनी आता घरातल्या तरुण मुलांना काय सांगावे? त्याच वर्षी नांदेडची लोकसभेची जागा भाजपने गमावली. त्या पराभवाला इतरही कारणे होती. तथापि सामान्य मतदाराची स्मरणशक्ती वाटते तितकी दुबळी नसते, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आरोप खोटा असेल, तर तो करणाऱ्यांनी जाहीरपणे मागे घ्यावा. खरा वाटत असेल, तर पक्ष बदलल्याने तो पुसला जात नाही. यांतील एक भूमिका घ्यावीच लागेल. सोयीचे मौन ही भूमिका नव्हे. बाजारात दोन तराजू ठेवणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक फार दिवस टिकत नाही, मग तो कितीही धर्मशील असो. राजकारणातही तसेच घडते. परक्याच्या दोषावर गर्जना करणे सोपे असते. आपल्या माणसाला तोच प्रश्न विचारण्यास धैर्य लागते. ज्या संघटनेला चारित्र्य हीच आपली पुंजी वाटते, तिच्या कार्यकर्त्याकडून समाज त्या धैर्याची अपेक्षा ठेवतो.