पुणेकरांचा रविवार आणि सिंहगड

पुण्याच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर असलेला सिंहगड हे पुणेकरांच्या रविवारचे हक्काचे ठिकाण. सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आतच आतकरवाडीच्या पायवाटेवर वर्दळ सुरू होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीच्या या गडावर गाडीरस्ताही जातो. पण गड खरा भेटतो तो पायी चढणाऱ्यालाच. दम खायला थांबले की मागे खडकवासल्याचे पाणी दिसते.

फेब्रुवारी १६७० मध्ये गड जिंकताना धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांची समाधी वर आहे. लोकमान्य टिळकांचा बंगलाही आहे. देवटाक्याचे गार पाणी प्यायले की पावले आपोआप चुलीकडे वळतात. घेऱ्यातल्या गावांतील कुटुंबे इथे पिठले-भाकरी, कांदाभजी, वांग्याचे भरीत वाढतात. छोट्या मडक्यात लावलेले दही इतके घट्ट असते की मडके तिरके केले तरी हलत नाही. त्यावर चिमूटभर मीठ पुरे. अशी न्याहारी शहरातल्या कुठल्याही हॉटेलात मिळत नाही.

पावसाळ्यात घाटरस्त्यावर दरडी कोसळतात, वाहनांच्या रांगा लागतात. शक्य असेल त्यांनी पायथ्यापर्यंत बसने यावे आणि आपला कचरा आपल्याबरोबर खाली न्यावा.