टाकी फुटली म्हणजे संडास फुटला नाही!

नृसिंहवाडीला (आम्ही नुसतं 'वाडी' म्हणतो) आत्याच्या कमोडची फ्लशची टाकी बुडाशी तडकलीय. नळकामवाल्याने टॉर्च मारून बघितलं आणि निकाल दिला, "आख्खा सेटच बदलायला लागतोय. सुटी टाकी न्हाई मिळत." सेट, फरशीची फोडाफोड, मजुरी धरून साडेचौदा हजार. आत्या पेन्शनवर राहते, तिचे दोन महिने त्यात जातील. तिने मला फोन करून विचारलं, "देऊन टाकू का रे?"

अजिबात नाही. पैशाचा प्रश्न आहेच, पण तो निकाल मुळातच चुकीचा आहे.

टाकी करते काय? सहा-आठ लिटर पाणी साठवते आणि एकदम सोडते. बास. घाण पुढे ढकलायचं काम ते एकदम आलेलं पाणी करतं, आणि वास अडवायचं काम खालच्या बाकात उभं राहिलेलं पाणी. ह्यातलं काहीही टाकीत नाही. अर्धी बादली पाणी कमरेच्या उंचीवरून एका दमात ओता, काम तेच होतं. (मग्ग्याने थोडं थोडं ओतू नका. पाणी तेवढंच जातं आणि घाण तिथेच राहते.) म्हणजे भांडं शाबूत असेल तर संडास शाबूत आहे. प्रिंटरची शाई संपली म्हणून कोणी कॉम्प्युटर बदलत नाही राव.

आता दुसरी पार्टी. 'एमसील लाव आणि विसरून जा' वाले. तडा पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर खुशाल लावा. पण खाली असेल तर मला ते पटत नाही. टाकीतल्या पाण्याचा दाब किरकोळ असतो, त्याची भीती नाही. पण चिनीमातीचा गुळगुळीत, ओलसर पृष्ठभाग लांबी नीट धरत नाही, आणि तडा पुढे सरकत राहतो. तो रात्री फाटला तर आतला बॉल खाली बसतो, कॉक उघडतो आणि गच्चीवरची टाकी घरात रिकामी होते. 'विसरून जा' म्हणणारे तेव्हा पुसायला येत नाहीत.

तडाच आहे ना, हे आधी बघा. टाकीत हळदीचं पाणी ओता, बाहेरून कोरडं पुसा आणि पिवळं कुठून येतं ते पाहा. बोल्टपाशी आलं तर गेलेला वायसर असेल, तो बदलून भागतं. मग गळती मोजा. दोनशे मिलीचा पेला दोन मिनिटांत भरला तर दिवसाला १४४ लिटर! एवढ्या पाण्यासाठी मोटर चालते आणि बिल येतं.

आत्याला सांगितलं, अँगल कॉक बंद कर, टाकी रिकामी कर, शेजारी बादली ठेव. तिचे गुडघे धरलेत, भरलेली बादली उचलवत नाही, म्हणून पाच लिटरचा हँडलवाला कॅन. लघवीपुरतं त्याहून कमी पुरतं. खर्च शून्य, कारण कॅन गोडेतेलाचा.

तिचा आक्षेप एकच: "पौर्णिमेला पाहुणे येतात, त्यांना बादली द्यायची?"

द्यायची की! बिंदेश्वर पाठकांनी १९७० मध्ये सुलभ सुरू केलं, त्या दोन खड्ड्यांच्या संडासाला दीड-दोन लिटर ओतलेलं पाणी पुरतं, कारण भांड्याचा उतारच तीव्र ठेवलाय. ओतून धुणं ही कमीपणाची गोष्ट असती तर एवढा विचार कोणी केला नसता. आणि वाडीकरांना हे मी काय सांगणार? २००५, २०१९, २०२१ च्या पुरांत वीज गेली, मोटर बंद, गच्चीवरची टाकी कोरडी. तेव्हा चाळीस हजारांच्या कमोडलाही बादलीच.

लाज वाटायचीच असेल तर ती 'फ्लश बंद आहे' पाटीची वाटावी. यात्रेच्या गावांत खोल्या भाड्याने देणाऱ्या कित्येक ठिकाणी ही पाटी दिसते, वर्षानुवर्षं तीच. पाटी रंगवायला वेळ असतो, पण खाली बादली नसते! दर्शनाला आलेल्या म्हाताऱ्या माणसाने करायचं काय? टाकी दुरुस्त नसेल होत, ठीक आहे, परवडत नसेल. पण भरलेली बादली आणि हँडलवाला कॅन ठेवायला कुठला सेट लागतो?

असो. 'सुटी टाकी मिळत नाही' हेही अर्धंच खरं. त्याच मॉडेलची नवी मिळणं अवघड, पण पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्यांकडे जुनी मिळू शकते. जाताना दोन बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि मधल्या भोकाचा व्यास मोजून न्या, नुसता फोटो पुरत नाही. भिंतीवरची प्लास्टिकची टाकी स्वस्त पडते, पण तिचा पाइप घ्यायला भांड्याला मागून तोंड लागतं. आत्याच्या भांड्याला ते वरून आहे, म्हणून ती बाद.

मापं मी लिहून घेतलीत. पुढच्या शनिवारी इचलकरंजीला जाऊन बघतो. तोवर तेलाचा कॅन जिंदाबाद.