बाराशे रुपयांची माती

गेल्या वर्षी आई राहायला आली होती. माझी खर्चाची डायरी चाळता चाळता एका ओळीवर थबकली. ‘लिटर – १,२०० रुपये’.

‘‘कशाचं लिटर गं? दूध तर वेगळं लिहिलंयस!’’

सांगावं लागलं, की हे कॅट लिटर. आमच्या बंड्याच्या ट्रेमध्ये घालायची माती.

‘‘माती? विकत?’’ एवढंच म्हणाली. पण ज्या टोनमध्ये म्हणाली ना, तो थेट लागला!

तसं तिचं चूक नव्हतं. हा धंदा मातीतूनच उभा राहिलाय. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये मांजरासाठी वाळू मागायला आलेल्या शेजारणीला एड लो नावाच्या माणसाने फुलर्स अर्थ देऊन बघितली. फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती. (माझ्या फेसपॅकपेक्षा बंड्याचं बजेट जास्त, हे तेव्हा कळलं.) आता ओलं झालं की गोळा होणारी मिळते, ती बेंटोनाइट. तीही आपल्या कच्छमध्ये निघते.

मग काय, मी सेव्हिंग मोडमध्ये! आधी बांधकामावरची वाळू आणली. फुकट, पण दोन दिवसांत घराला एसटी स्टँडचा वास. मग वखारीतून भुसा. त्यात प्लायवूडचा भुसा होता, हे बंड्या शिंका देऊन बेजार झाल्यावर कळलं. त्याने ट्रेवर बहिष्कार टाकला आणि माझी गादी पसंत केली. नवी गादी केवढ्याला येते, विचारू नका.

शेवटी बचत झाली ती माती न बदलता. दोन-तीन इंचांचा थर, सकाळ-संध्याकाळ गोळे काढायचे, जेवढी माती गेली तेवढीच वरून भरायची. पूर्वी मी दर रविवारी अख्खा ट्रे ओतून द्यायचे, निम्मी चांगली माती कचऱ्यात! आता ऑफिसमधल्या दोघींबरोबर मोठी गोणी मागवते. महिना सातशेत निघतो. फक्त गोळे फ्लश करू नका, बेंटोनाइट फुगते आणि प्लंबर सगळी बचत घेऊन जातो. घरात कुणी प्रेग्नंट असेल तर ट्रे दुसऱ्याने साफ करायचा, आणि रोज. टोक्सोप्लाझ्माची भीती असते.

पाइनच्या पेलेटवर जायचंही ठरवलं होतं. ओली झाली की भुसा होऊन चाळणीच्या ट्रेतून खाली पडतात, वासही कमी. पण जुलैत एका सकाळी ट्रेमध्ये एकही गोळा नव्हता. रोज तीन तरी असतात. बंड्या आत बसून नुसता जोर करत होता. तशीच त्याला घेऊन डॉक्टरकडे पळाले. लघवी तुंबली होती. बोक्यांमध्ये हे होतं, आणि एक-दोन दिवसांत जीवावर बेततं. कॅथेटर घालावा लागला, तीन दिवस ॲडमिट. बिल सांगत नाही, आईलाही सांगितलेलं नाही.

पेलेट राहिल्याच. डायरीत आता रुपयांच्या पुढे गोळ्यांचा आकडाही असतो. आणि रात्री नऊला आईचा फोन येतो, तेव्हा माझी चौकशी नंतर. आधी, ‘‘आज किती झाले गं त्याचे?’’