‘खराब हवामान’ हे उत्तर नाही

विमान किंवा हेलिकॉप्टर पडलं की दुसऱ्या दिवशी पेपरात एक वाक्य येतंच. ‘खराब हवामानामुळे अपघात झाल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात आळशी वाक्य. हवामान कुणाला पाडत नाही हो. त्या हवामानात कुणीतरी जायचं ठरवतं, कुणीतरी जायला लावतं, आणि मग माणसं मरतात.

मी पायलट नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा, तालुक्याच्या गावात वीस वर्षं बातमीदारी. पण पायलट होणाऱ्या पोरांची हवामानाची पुस्तकं मी मुद्दाम वाचली आहेत. आपल्याकडे कमर्शियल लायसन्ससाठी डीजीसीएची जी लेखी परीक्षा असते, त्यात मिटिऑरॉलॉजी हा वेगळा पेपर आहे आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. म्हणजे पायलटला हे येतं. येत नाही ते त्याला ‘निघा’ म्हणणाऱ्याला.

त्या अभ्यासात काय असतं ते जरा बघू, कारण हे आपल्यालाही कळण्यासारखं आहे.

विमानतळावरून ठरावीक वेळेला हवामानाचा एक छोटा सांकेतिक अहवाल निघतो, त्याला मेटार म्हणतात. पुढच्या काही तासांचा अंदाज असतो तो टाफ. दोन्ही मोबाईलवर फुकट बघता येतात. समजा मेटारमध्ये असं आलं: वारा २४० अंशांवरून १८ नॉट, मधूनच झोत २८ नॉट, दृश्यता २००० मीटर, पाऊस, ढगांचा थर ८०० फुटांवर, तापमान २६, दवबिंदू २५, दाब १००२. सांकेतिक भाषेत हे एका ओळीत मावतं. पण वाचता येणाऱ्याला त्यात पूर्ण आभाळ दिसतं. नैऋत्येचा वारा दहा-दहा नॉटांनी वर-खाली होतोय, म्हणजे उतरताना हिसके बसणार. तापमान आणि दवबिंदू यांत एकाच अंशाचा फरक, म्हणजे हवा ओलीचिंब आहे, ढग आणखी खाली यायला वेळ लागणार नाही. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उडायचं तर साधारण ५ किलोमीटर दिसावं लागतं. इथे दोनच आहे. झालं, विषय संपला. यात ‘बघू, जमेल’ असं काही नसतं.

दाबाचं तर आणखी भारी आहे. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र खरं तर हवेचा दाब मोजतं. वाटेत दाब १० हेक्टोपास्कलनं उतरला आणि पायलटनं यंत्रात नवा आकडा लावला नाही, तर यंत्र खऱ्यापेक्षा सुमारे ३०० फूट जास्त उंची दाखवतं. घाटात ढगाखालून जाणाऱ्याला ३०० फूट म्हणजे काय, हे सह्याद्रीतल्या माणसाला सांगायला नको. आणि दाब कमी कधी होतो? नेमका वादळी पावसात.

ढगात शिरल्यावर काय होतं? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाचा १९५४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. यंत्रांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा अवस्थेत विमान चालवायला दिलं. विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘सरळ आहे’, आणि यंत्र गरागरा खाली जात असतं. शिकलेले, अनुभवी लोकही यातून सुटत नाहीत. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं, १४ जण गेले. चौकशीत निघालं ते हेच: दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटचं दिशाभान सुटलं.

आता मुद्द्यावर येतो. कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०. कॅप्टन दीपक साठे, आपला मराठी माणूस, हवाई दलात मुरलेला. रात्र, पाऊस, टेबलटॉप धावपट्टी. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला. ते पुन्हा वर गेले आणि दुसऱ्या टोकाकडून उतरले. तिकडून वारा पाठीमागून होता, १४ नॉट. पाठीचा वारा म्हणजे जमिनीवरचा वेग वाढतो आणि विमान पुढे-पुढे ढकललं जातं. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट ओलांडून चाकं टेकली. पट्टी ओली. दोन्ही पायलट धरून २१ माणसं गेली.

चौकशी अहवालानं नियम न पाळल्याचा ठपका पायलटवर ठेवला. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, तिच्यावर टीव्हीवाले बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान त्यांनाच न्यायचं होतं आणि त्या तळावर कॅप्टन पुरेसे नव्हते. म्हणजे ‘आज इथेच उतरायला पाहिजे’ हे ओझं डोक्यावर आधीच होतं. ते ओझं कोणत्या मेटारमध्ये दिसतं?

आपल्याकडे हे ओझं घालण्यात पुढारी आणि त्यांच्या आजूबाजूची मंडळी एक नंबर. २ सप्टेंबर २००९ ला आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी ऐन पावसाळ्यात हेलिकॉप्टरनं चित्तूरला निघाले आणि नल्लमलाच्या जंगलात पाच जण गेले. त्याआधी २००१ मध्ये माधवराव शिंदे सभेला जाताना मैनपुरीजवळ गेले. यातून आपण काय शिकलो? मागच्या एका निवडणुकीत आमच्या भागात मी डोळ्यांनी बघितलं. दुपारची सभा, पश्चिमेला ऐरणीसारखा माथा पसरलेला वळवाचा काळाकुट्ट ढग. पायलट म्हणतोय, थांबू. मोठ्या वादळी ढगापासून वीसेक मैल लांब राहा, असं त्याला शिकवलेलं असतं. आणि एक स्थानिक कार्यकर्ता त्याच्या अंगावर धावून जातोय, ‘साहेबांची पुढची सभा तुमच्या बापाची हाय का?’ पायलट हलला नाही, तासभर थांबला. त्याचं नाव कुठल्याच पेपरात आलं नाही, उलट ‘ढिसाळ नियोजनामुळे सभा रखडली’ अशी बातमी झाली! जो माणूस नाही म्हणतो त्याला आपण झापतो, आणि जो हो म्हणून मरतो त्याच्यावर चौकशी बसवतो.

यात्रेकरूंचं पण तेच. १५ जून २०२५ ला केदारनाथहून निघालेलं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ पहाटे पडलं, सात जण गेले, त्यात महाराष्ट्रातले लोक होते. दरीत धुकं-ढग होते. डोंगरातली ओली हवा पहाटे थंड होऊन ढग दरीत उतरतात, ही शाळेच्या भूगोलातली गोष्ट. पण फेऱ्या वाढवायच्या, रांग संपवायची, मग कोण थांबतंय? आणि तिकीट काढलेले आपणच काउंटरवर ओरडतो, ‘एवढं ऊन तर पडलंय की!’ ऊन काउंटरवर असतं हो, खिंडीत नसतं.

आता गावोगाव हेलिपॅड होतायत, जुन्या धावपट्ट्यांना रंग लागतोय, प्रत्येक आमदाराला आपल्याकडे विमान उतरवायचंय. उतरवा की. पण फीत कापताना एवढं सांगा: तिथे वारा, दाब, दृश्यता मोजायचं यंत्र कुठे आहे? ढगाचा तळ कोण बघणार? पायलटला ते आकडे मिळणार कसे? पोलीस पाटलाला फोन लावून ‘तिकडं आभाळ कसंय?’ असं विचारून विमान उतरवायचं असेल तर मग एसटीच बरी. यंत्राचा खर्च फीत कापायच्या मांडवापेक्षा फार जास्त नसावा, असं माझं मत. खोटं असेल तर निविदा दाखवा.

आमच्या पत्रकार बंधूंनाही सांगतो. पुढच्या वेळी ‘खराब हवामान’ लिहायच्या आधी त्या वेळचा मेटार काढा. ढगाचा तळ किती होता, किती मीटर दिसत होतं ते लिहा. पायलटनं कोणत्या नियमाखाली उड्डाण केलं होतं ते विचारा. निघायचा निर्णय कुणाचा आणि त्या दिवशी पुढे किती कार्यक्रम लावले होते, हेही विचारा. प्रवक्ता चिडेल. चिडू दे.

निवडणुका लागल्या की आमच्या इथल्या हेलिपॅडवर मी हेच विचारत उभा राहणार आहे. तुमच्या गावात उतरलं तर तुम्ही विचारा. काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये टाका, तारीख आणि वेळ घालून. त्या वेळचा जवळच्या विमानतळाचा मेटार मी शोधून शेजारी लावतो.